टाचणीचे सीमोल्लंघन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेला मावळ हा पाण्याचा प्रदेश आहे. ज्येष्ठ सरता सरता घाटमाथ्यावर मेघांची दाटी होते आणि पुढील तीन महिने डोंगर, शेते व वाटा यांवर पाण्याचेच राज्य चालते. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या लोणावळ्यात मात्र पावसाची मोजणी ४,००० मिलिमीटरांच्या पलीकडे जाते. कुरवंडे गावाजवळ उगम पावलेली इंद्रायणी येथूनच देहू-आळंदीची वाट धरते. लोणावळ्याच्या परिसरातील जलाशयांचे पाणी घाटाखाली नेऊन १९१५ पासून खोपोली येथे वीज निर्माण करण्यात येऊ लागली. पाणी साठवून ठेवण्याची विद्या तर या प्रदेशाला दोन हजार वर्षांपासून अवगत आहे. भाजे व कार्ले येथील लेण्यांजवळ कातळात खोदलेली टाकी आहेत, तशीच लोहगडावर व विसापूरवरही आहेत.

या थोर जलाशयांच्या मानाने अगदीच नगण्य असा एक हौद लोणावळ्याहून कार्ल्याकडे येताना लागणाऱ्या एका वाडीत, एका घराच्या परसात होता. चार हात लांब, तीन हात रुंद आणि जेमतेम गुडघाभर खोल. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी तो आपल्या हातांनी बांधला होता. त्यात त्यांनी कुमुदाचा एक कंद लावला होता आणि एका कोपऱ्यात लव्हाळ्याचे लहानसे बेट वाढविले होते. चार-पाच वर्षांत हौदाच्या भिंतींवर शेवाळ चढले, तळाशी पानांचा गाळ साचला आणि पाण्याला हिरवट छटा आली. आजोबा रोज सकाळी दात घासून झाले की काही वेळ हौदाच्या काठी बसत. आजींच्या दृष्टीने मात्र तो हौद म्हणजे घरच्या स्वच्छतेला लागलेला डाग होता.

त्या वर्षी भाद्रपदात पावसाने थोडी उघडीप दिली आणि वाडीत तापाची साथ आली. अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून मंडळी घरी परतली, तोच शेजारच्या घरातील मुलाला डेंग्यू झाल्याची वार्ता कानी आली. मुलगा पाचवीतला, घरच्या नातवाचा जिवलग सोबती. त्याला तळेगावला रुग्णालयात नेले होते. त्या रात्री आजींच्या घशाखाली घास उतरला नाही.

"अहो, उद्याच्या उद्या तो हौद उपसून टाका," त्या आजोबांना म्हणाल्या, "नाहीतर त्यात जळके तेल ओता. आपल्याही घरात दोन लेकरे आहेत."

आजोबा काहीच बोलले नाहीत. आजींची भीती खोटी नव्हती, हे ते जाणून होते. इतक्यात सातवीत शिकणारी नात पुढे झाली.

"आजी, त्या पाण्यात काहीतरी राहते. मी परवा पाहिले. काडीसारखे होते, पण हलले. तेल ओतले तर तेही मरेल."

"डासच असणार!" धाकटा नातू म्हणाला.

"असेल किंवा नसेलही," आजोबा म्हणाले. "पण पाहिल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे. अगं, आठ दिवसांची मुदत दे. त्या आठ दिवसांत ही दोघे हौद पाहतील आणि जे दिसेल ते वहीत लिहितील. पाणी दोषी ठरले तर मी स्वतः बादली घेऊन उपसायला उभा राहीन."

आजी क्षणभर घुटमळल्या. "आठ दिवस," त्या म्हणाल्या. "नववा दिवस मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघे भावंडे हौदाच्या काठी जाऊन बसली. अर्धा तास झाला तरी हिरवट पाणी, कुमुदाची पाने आणि त्यांवर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब यांवाचून काही दिसेना. नातू कंटाळला. आजोबा म्हणाले, "बाळ, घाटात धुके असले म्हणजे गाडी चालविणाऱ्याला सिग्नल एकदम दिसत नाही. त्याला नजर ठरवावी लागते. डोळे जरा पाण्याला सरावू दे."

मग त्यांनी घरातून एक पांढरी थाळी आणि जुनी चहाची गाळणी आणविली. थाळीत हौदातलेच दोन बोटे पाणी घातले. नातीने लव्हाळ्याच्या मुळांपाशी गाळणी अलगद फिरविली आणि तिच्यात आलेला शेवाळाचा पुंजका थाळीत सोडला. आरंभी नुसताच कचरा दिसला. परंतु थोड्या वेळाने पाणी निवळले आणि त्या कचऱ्यातील एक हिरवट तपकिरी काडी हळूच चालू लागली.

ती काडी नव्हती. तिला सहा बारीक, लांब पाय होते. डोके रुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंना टपोरे डोळे होते. शरीर सडपातळ, बोटाच्या पेराहून किंचित आखूड. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे शेपटीच्या टोकाला तीन इवली पाने पिसाऱ्यासारखी पसरलेली होती. नातवाने बोट जवळ नेताच तो जीव मासोळीसारखा अंग वळवीत झर्रकन शेवाळात शिरला.

नातीने वहीत त्याचे चित्र काढले आणि ती वही शाळेत नेली. विज्ञानाच्या बाईंनी चित्र पाहताच विचारले, "शेपटीला पाने तीनच होती ना?" नातीने होकार देताच त्या म्हणाल्या, "मग ही टाचणीची बाळे आहेत."

टाचणी हा कीटक मावळातील मुलांच्या ओळखीचा असतो. मात्र बहुतेकांना तो चतुराचा लहान भाऊ वाटतो. दोघेही एकाच मोठ्या कुळातले असले तरी त्यांच्यात स्पष्ट भेद आहे. चतुर अंगाने दणकट असतो आणि बसतानाही पंख दोन्ही बाजूंना पसरून बसतो. टाचणीची काया नावाप्रमाणेच टाचणीसारखी बारीक असते आणि बसताना ती बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. चतुराचे मोठे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांस भिडलेले असतात. टाचणीचे डोळे एकमेकांपासून दूर, डोक्याच्या दोन टोकांना असतात. या दोघांचेही बालपण पाण्यात जाते. पाण्यातील त्या बालरूपाला शास्त्रात 'डिंभ' असे नाव आहे. चतुराचा डिंभ जाडसर असतो व त्याला शेपटीची पाने नसतात. टाचणीच्या डिंभाची ती तीन पाने म्हणजे त्याचे कल्ले होत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो त्यांच्याद्वारे घेतो. काही प्रमाणात तो अंगाच्या त्वचेनेही श्वसन करतो. म्हणूनच शत्रूच्या तावडीत एखादे पान तुटून गेले तरी तो जगतो आणि पुढे कात टाकताना ते पान पुन्हा उगवू लागते.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. "जगात चतुर आणि टाचण्या मिळून सुमारे सहा हजार जाती ज्ञात आहेत. भारतातील जातींची संख्या पाचशेच्या जवळपास आहे. फ्रेझर नावाच्या एका लष्करी डॉक्टरांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला आणि १९३३, १९३४ व १९३६ या वर्षी त्यांवर तीन ग्रंथ प्रसिद्ध केले. पण त्यामुळे शोध संपला असे समजू नका. आपल्याच महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांना टाचणीची एक अगदी नवी जात सापडली आणि २०१९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. तेव्हा तुमचा हौद लहान आहे म्हणून तुमचे पाहणे लहान समजू नका."

त्या दिवसापासून वहीची पाने भरभर भरू लागली. हौदात निरनिराळ्या आकारांचे डिंभ होते. काही तांदळाच्या कणीएवढे, तर काही चांगले मोठे. मोठ्यांच्या पाठीवर पंखांचे इवले कोंब दिसू लागले होते. डिंभाचे अंग वाढते, पण वरचे कवच वाढत नाही. म्हणून त्याला पुन्हा पुन्हा कात टाकावी लागते. पाण्यातील मुक्कामात तो दहा-बारा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा कात टाकतो.

तो खातो काय, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. त्याचे उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले. थाळीत एक मोठा डिंभ काडीला धरून निश्चल बसला होता. गाळणीतून चुकून आलेली डासाची एक अळी वळवळत त्याच्यासमोर आली. डिंभाने डोके किंचित वळविले. पुढे काय झाले ते नातवाला कळलेच नाही; डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ती अळी डिंभाच्या तोंडात होती!

ही किमया त्याच्या खालच्या ओठाची असते. हा ओठ लांब असून मधोमध सांधा असल्याने कोपरात मुडपलेल्या हाताप्रमाणे तो डोक्याखाली दुमडून ठेवलेला असतो. त्याच्या टोकाला आकड्यांसारखे दोन अवयव असतात. भक्ष्य टप्प्यात आले की हा ओठ एकदम पुढे झेपावतो, भक्ष्य पकडतो आणि तोंडाशी आणतो. एरवी तो डिंभाचे तोंड झाकून ठेवतो. म्हणून त्याला मुखवटा असेही म्हणतात.

"म्हणजे हा डासांना खातो!" नातू ओरडला. "ताई, आजीला सांगू या!"

पण ताई सावध होती. "एकदा खाल्ले म्हणजे रोज खातो असे नव्हे," ती म्हणाली. "आपण मोजून पाहू."

आजोबांनी काचेच्या दोन सारख्या बरण्या दिल्या. दोन्हींत हौदातले पाणी फडक्याने गाळून भरले आणि एकेक काडी टाकली. प्रत्येक बरणीत डासाच्या वीस-वीस अळ्या सोडावयाच्या आणि एकीत मात्र डिंभही ठेवावयाचा, असे ठरले. बरण्यांच्या तोंडांना बांधण्यासाठी मलमलीचे तुकडे काढून ठेवले. कारण अळ्यांचे डास होऊन ते घरात शिरले असते, तर त्या प्रयोगाला आजींनी कधीच क्षमा केली नसती.

सर्व सिद्धता झाली. परंतु एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. चाळीस अळ्या मिळेनात! हौदात दोघांनी पुन्हा पुन्हा गाळणी फिरविली. डिंभ मिळाले, पाणकिडे मिळाले, गोगलगायी मिळाल्या. डासांच्या अळ्या मात्र दोन-तीनच हाती आल्या. ज्या पाण्यावर डासांचे घर म्हणून आळ आला होता, त्याच पाण्यात डासांच्या अळ्यांची एवढी वाण होती.

"मग डास येतात कुठून?" आजोबांनी विचारले आणि ते तिघेही परस धुंडाळू लागले. तुळशीच्या शेजारी कुंड्या होत्या. कुंड्यांखालच्या बशांत साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. गोठ्यामागे पडलेल्या नारळाच्या करवंट्यांत त्या होत्या. छपरावर टाकलेल्या जुन्या टायरात तर विचारूच नये. आणि सर्वांत अधिक अळ्या कुठे निघाल्या असतील? विहिरीशेजारच्या दगडी डोणीत! ती डोणी आजींच्या विशेष मर्जीतली. दर पंधरवड्याला त्या स्वतः ती रिकामी करून ताज्या पाण्याने भरून घेत. तिचे पाणी इतके नितळ होते की तळाचा दगड दिसत असे. आणि त्याच नितळ पाण्यात शेकडो अळ्या नाचत होत्या.

मुलांना चाळीस अळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरण्या उजेडात धरल्या. एकीत वीस अळ्या पूर्ववत वळवळत होत्या. दुसरीत मोजक्याच उरल्या होत्या आणि डिंभ काडीला धरून स्वस्थ बसला होता. नातीने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही आजींच्या हाती दिली. आजींनी चष्मा लावून ती वाचली. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र उठून डोणीपाशी गेल्या आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

मुदतीच्या आठव्या दिवशी वाडीत घरोघर पाहणी करीत आशाताई आल्या. त्यांच्या हाती विजेरी आणि लांब दांड्याची पळी होती. "ताई, आधी आमचा हौद पाहा," आजींनीच त्यांना सांगितले. आशाताईंनी हौदाच्या चारही कोपऱ्यांत पळी बुडवून पाणी पाहिले. मग डोणी, बशा, टायर यांकडे त्यांचा मोर्चा वळला. मुलांची वही त्यांनी लक्षपूर्वक वाचली.

"तुम्ही जे पाहिलेत ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "डेंग्यू पसरविणारा एडिस डास मुख्यतः अशाच साठवलेल्या, उघड्या पाण्यात वाढतो. पिंप, टाकी, टायर, कुंडीची बशी ही त्याची ठिकाणे. तो आपली अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी कित्येक महिने जगू शकतात. भांडे पुन्हा भरले की त्यांतून अळ्या निघतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात."

"पण मी तर डोणी पंधरा दिवसांनी उपसते," आजी म्हणाल्या.

"तेच तर आजी! पंधरा दिवस म्हणजे डासाला पुष्कळ झाले. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. भांडे रिकामे करायचे, भिंती खसखसून घासायच्या आणि पुसून वाळू द्यायच्या. नुसते पाणी बदलून भागत नाही."

नातीने विचारले, "मग हौदही आठवड्याला कोरडा केला तर?"

या प्रश्नाचे उत्तर आजोबांनी दिले. "त्याचा हिशेब तूच मांड, पोरी. डासाला अळीचा पंखवाला व्हायला आठ-दहा दिवस लागतात. टाचणीला काही महिने लागतात. आज आपण हौद उपसला आणि उद्या पाऊस पडून तो भरला, तर त्यात आधी कोण येईल?"

"डास," नात म्हणाली.

"आणि त्याला खाणारे?"

"ते मागाहून येतील. आपण पुन्हा उपसले तर कधीच येणार नाहीत."

तीच या आठ दिवसांच्या निरीक्षणाची फलश्रुती होती. ज्या पाण्यात केवळ पाणी आहे, ते डासाला मोकळे रान असते. म्हणून तसे पाणी साचू देऊ नये, झाकावे किंवा वेळच्या वेळी उपसावे. ज्या पाण्यात वनस्पती, किडे व डिंभ यांचा संसार वर्षानुवर्षे थाटला आहे, तेथे डासाच्या अळीला पहारेकऱ्यांमधून वाट काढावी लागते. अशा पाण्याला एका दिवसात रिते करणे सोपे असते; त्याचा संसार पुन्हा उभा राहावयास मात्र ऋतू लोटावे लागतात.

तथापि आशाताईंनी एक इशाराही दिला. "टाचण्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. दर आठवड्याला हौदाचे पाणी पळीने तपासा आणि वहीत लिहा. अळ्या वाढलेल्या दिसल्या तर मला लगेच कळवा." नातवाने विचारले, "डास खाणारे गप्पी मासे सोडले तर?" त्या म्हणाल्या, "पुष्कळ ठिकाणी आम्ही ते सोडतो आणि त्यांचा उपयोगही होतो. पण गप्पी मासा परदेशातून आणलेला. तो डासांच्या अळ्यांबरोबर टाचणीची लहान पिल्लेही खाईल. जिथे पहारेकरी आहेत तिथे दुसरा पहारेकरी नेमण्याची घाई नको. आणि ओढ्यात किंवा नदीत तर तो कधीच सोडू नका."

नवव्या दिवशी हौद उपसला गेला नाही. त्याऐवजी टायर भंगारात गेला, करवंट्या चुलीत गेल्या, कुंड्यांखालच्या बशा काढल्या गेल्या आणि पाण्याच्या पिंपांवर घट्ट झाकणे बसली. आजींनी पदर खोचून डोणी घासली. हौदाकडे जाताना मात्र त्यांचा आवाज आता खाली येऊ लागला होता.

आश्विन लागला. दुपारच्या उन्हात पिवळ्या रंगाच्या टाचण्या हौदावर दिसू लागल्या. त्या जातीचे शास्त्रीय नाव सेरिॲग्रिऑन कोरोमांडेलियानम असे आहे. बागेतील लहान हौदांवरही ती सहज आढळते. नर पिवळाजर्द, मादी काहीशी मळकट रंगाची. नर आपल्या शेपटीच्या टोकाने मादीला मानेजवळ धरतो आणि दोघे जोडीने पाण्यावर येतात. मादी आपल्या शेपटीजवळच्या धारदार अवयवाने पाण्यातील पाना-देठांना बारीक चीर पाडते आणि त्या चिरेत एकेक अंडे ठेवते. कुमुदाच्या देठावर नातीने अशा चिरा भिंगाने पाहिल्या. हौदातील वनस्पती ही शोभेची वस्तू नसून टाचणीचा पाळणा आहे, हे तिला तेव्हा उमगले.

त्याच सुमारास एका मोठ्या डिंभाचे वागणे बदलले. समोर अळी आली तरी तो ओठ पुढे करीना. पाठीवरचे पंखांचे कोंब फुगले होते. तो लव्हाळ्याच्या एकाच पात्याला धरून पाण्याच्या पृष्ठभागालगत बसू लागला. नातीने वहीत लिहिले, 'हा आजारी आहे काय?' आजोबांनी ते वाचले आणि ते म्हणाले, "उत्तर आपण सांगायचे नाही. त्यालाच सांगू दे."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दाराला झेंडूचे तोरण बांधण्याची गडबड चालली होती. फुले आणावयास गेलेली नात परसातूनच हाका मारू लागली. सारे घर हौदाकडे धावले. त्यात शेजारचा तो मुलगाही होता. रुग्णालयातून बरा होऊन तो आठवड्यापूर्वीच घरी परतला होता. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत पुन्हा तेज आलेले.

डिंभ पाणी सोडून लव्हाळ्याच्या पात्यावर वीतभर वर चढला होता. पाय घट्ट रोवून तो स्थिर झाला. मग त्याच्या पाठीवर एक बारीक रेघ उमटली. ती रेघ रुंदावली आणि तिच्यातून प्रथम पाठ, मग डोके, मग मऊ, फिकट पाय बाहेर आले. अर्धे अंग बाहेर आल्यावर तो जीव काही वेळ निपचित राहिला. "मेला का?" नातवाने हलकेच विचारले. कोणीच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने पायांत बळ आले. त्याने रिकाम्या कवचाला धरले आणि उरलेले अंग एका हिसक्यासरशी ओढून काढले.

चुरगळलेल्या कागदासारखे दिसणारे पंख हळूहळू उलगडू लागले. शेपटी लांब होत गेली. शेपटीची ती तीन पाने मात्र कवचाबरोबर मागेच राहिली होती. हवेत राहणाऱ्याला आता कल्ल्यांचे काम उरले नव्हते. तास-दीड तास उलटला. अजून रंग न चढलेली ती फिकट टाचणी एकदा थरथरली, पात्यावरून सुटली आणि डगमगत, खालीवर होत पेरूच्या झाडाकडे उडून गेली.

आजी म्हणाल्या, "आज दसरा. हिनेही सीमोल्लंघन केले हो!"

सर्वजण हसले, पण नातू हसला नाही. मागच्या वर्षी त्याने याच मित्राच्या संगतीने चतुरांच्या शेपट्यांना दोरे बांधून ते उडविले होते. काही महिने पाण्यात काढून, दहा-बारा वेळा कात टाकून, मग जे उड्डाण मिळते, त्याला आपण दोरा बांधला होता, हे त्याच्या ध्यानात आले. खिशात हात घालून त्याने दोऱ्याचे एक जुने गुंडाळे काढले आणि काही न बोलता ते ताईच्या हाती दिले. ताईने त्याच दोऱ्याने वहीला एक पेन्सिल बांधून ठेवली.

लव्हाळ्याच्या पात्यावर पारदर्शक कवच तसेच चिकटून होते. शेजारच्या मुलाने ते अलगद उतरवून काडेपेटीत ठेवले. संध्याकाळी वाडीतील मंडळी सोने लुटावयास निघाली. तेव्हा आजींनी आपट्याची पाने सर्वांना दिली. आणि जाता जाता त्यांतले एक पान हौदाच्या काठावर ठेवले.

प्रश्न

१. आजींची भीती खोटी नव्हती, असे आजोबांना का वाटले?

२. टाचणी आणि चतुर यांच्यातील भेद सांगा. त्यांच्या डिंभांत कोणता भेद आढळतो?

३. टाचणीचा डिंभ भक्ष्य कसे पकडतो, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. डोणीचे पाणी नितळ असूनही तीत अळ्या का वाढल्या? हौदात त्या कमी का आढळल्या?

५. 'एकदा खाल्ले म्हणजे रोज खातो असे नव्हे,' या ताईच्या बोलण्यातून तिचा कोणता गुण दिसतो? तिने पुढे काय केले?

६. 'सीमोल्लंघन' या शब्दाचा अर्थ सांगा. पाठाला दिलेले नाव योग्य वाटते काय? सकारण लिहा.

७. आपल्या घराच्या अथवा शाळेच्या परिसरात कोठे कोठे पाणी साचते, ते वडीलधाऱ्यांसह पाहा. त्यांपैकी कोणते पाणी काढून टाकावे व कोणते राखावे, याची यादी करा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा.